चुन्याची रिकामी डबी

कुंभकोणम्,
ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुंदरीस,

सेतुरामाचा आशीर्वाद. इकडे मी ठीक, फक्त गुडघे आपल्या मर्जीनं चालतात. पापनाशमला तुम्ही सगळे खुशाल असालच. सूनबाई दिव्यश्रीला सातवा महिना लागला, तिला डोहाळजेवणाच्या बांगड्या भरायला माझ्याच घरी आणणार, हे वाचून फार बरं वाटलं. फोन केला असता, पण फोनवर मी विषय बदलतो हे तुला ठाऊक आहे.

माझी शाळा जोरात चालली आहे. आठवी नापास माणसाची शाळा म्हणून हसू नकोस. संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली अकरा चिल्लीपिल्ली जमतात, मी सगळ्यांचा आजोबा, ताता. या आठवड्यात विषय होता मिसळणं आणि वितळणं. तुपाची वाटी उन्हात ठेवली, तूप पातळ झालं. गार पाण्यात ठेवली, पुन्हा थिजलं. मीठ वाळूत कालवलं, पाणी घालून फडक्यानं गाळलं, ते पाणी परातीत वाळवलं. दोन दिवसांनी मीठ परत हजर. पोरांनी चाटून चाटून निम्मं संपवलं. त्यांच्या आयांना मी सांगितलेलं नाही.

मग हळदीच्या पाण्यात चुना घातला. पाणी तांबडंलाल. मी ऐटीत म्हणालो, "हे वितळण्या-थिजण्यासारखं नव्हे. हे आता पुन्हा पिवळं व्हायचं नाही."

समोरच्या घरातली सहा वर्षांची हरिणी उठली, घरून लिंबाची फोड आणली आणि पिळली. पाणी पिवळं.

"ताता, झालं की."

"मला माहीत नव्हतं गं. मी चुकीचं सांगितलं."

"बरं. उद्या काय आहे?"

एवढंच. अकरा पोरांसमोर चूक कबूल केली आणि कोणी मला ओट्यावरून ढकललं नाही.

सुंदरी, आता तुझ्या पत्रातल्या त्या ओळीकडे येतो, जी मी इतका वेळ टाळली. 'स्वयंपाकाला अलमेलु नको, दुसरी बाई बघ.'

गेल्या वर्षी लग्न लागल्यावर तुझा हेमंत नवरीला घेऊन आधी माझ्या दारात आला. तू आरतीचं तांबडं पाणी मागितलंस आणि अलमेलु ताटात पिवळं पाणी घेऊन आली. सगळ्या वऱ्हाडासमोर तू तिला म्हणालीस, "बारा वर्षं या घरात राबतेस, पाण्यात चुना घालायचं कळत नाही? नव्या सुनेवरून हे ओवाळू?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हल्ली विसरते ती."

ती विसरली नव्हती. डबीत चुनाच नव्हता. पाण्यात ढवळलेला चुना तळाशी कसा बसतो हे पोरांना दाखवायला आदल्या संध्याकाळी मीच तो सगळा संपवला होता आणि झाकण लावून डबी जागेवर ठेवली होती. त्या दिवसापासून अलमेलु आली नाही. मी माझ्या हातचं सांबार खातो, तेवढी शिक्षा पुरे असं मनाला समजावत होतो.

काल तिच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता, शाळेतल्या मास्तराला म्हणावं तसं म्हणाली, "वाद्यार, मला काय सांगता? डबी मीच उघडली होती, मला तेव्हाच कळलं. तुमच्या बहिणीला लिहा. आणि लिहिलंत की मला वाचून दाखवा."

म्हणून आत्ता तिच्या दारात बसून इथवरचं पत्र तिला तमिळमध्ये वाचून दाखवलं. हाताची घडी घालून तिनं ऐकलं. म्हणाली, "मी त्या दिवशी रडले नाही, तेही लिहा."

रडण्याचं मी कुठं काही लिहिलं नव्हतं. पण लिहितो. अलमेलु त्या दिवशी रडली नाही.

बांगड्यांच्या दिवशी ती येईल की नाही, हे ती मला सांगत नाही. तू आदल्या दिवशीच ये. आधी तिच्या दारी जाऊ. मी बरोबर असेन, आणि या खेपेला खरं तेच सांगेन. हे पत्र दिव्यश्रीलाही वाचायला दे. तिच्या डोळ्यांदेखत खोटं बोललो होतो.

तुझा भित्रा थोरला भाऊ,
सेतुराम