ह्यांच्या फोनमधलं बंद नाव

८ डिसेंबर, सोमवार
बारामतीहून दु. दीडला परत. रिक्षा, एसटी, परत रिक्षा. ह्यांना चढवता-उतरवता माझाच खांदा धरलाय. स्पीचच्या बाईंनी आज वही मिटली. म्हणाल्या, "काकू, शब्द कधी येतील सांगता येत नाही. तोवर ह्यांना फोनवरनं बोलू द्या. मेसेजमध्ये चित्रं पाठवता येतात, तशी काहीतरी सोय करा."

सोय मीच करायची. बरं.

झटक्याला तीन महिने होतील. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा, आणि बोलणं सगळं. एक शब्द तेवढा उरलाय, "चला". चहा हवा असला तरी चला, नको असला तरी चला. तीस वर्षं रेतनाची सुई घेऊन गाई-म्हशी भरवत गावोगाव हिंडलेला माणूस. पणदऱ्यापासून वडगाव निंबाळकरपर्यंत लोक डॉक्टर म्हणायचे. जेवतानासुद्धा फोन कानाला. मी चिडायचे, पहिलं जेवून घ्या म्हणून.

आता शांत जेवतात.

९ डिसें., मंगळ
गोठ्यात पडले तेव्हा जुना फोन अंगाखाली चेचला होता. सोनलनं (आमची मुलगी, इंदापूरला दिलीय) नवा आणून ठेवलाय, तो आज उघडला. कार्ड घातलं, ॲप घेतलं, नंबर टाकला, सहा आकडी कोड आला, तो टाकेपर्यंत वेळ संपली. परत कोड. मग म्हणे जुने मेसेज परत आणू का. हो म्हटलं. तासभर गोल फिरत होतं, तेवढ्यात दोन धारा काढून झाल्या.

सगळे आले. तीन महिन्यांचे न वाचलेलेसुद्धा. "डॉक्टर, म्हैस माजावर आलीया, कधी येताय?" असे कितीतरी. बातमी पोचायच्या आधीचे.

११ डिसें., गुरु
अक्षरं सगळ्यात मोठी केली. ॲपची भाषा मराठी केली, तर असले शब्द आले की मलाच कळेनात. परत इंग्रजी. कळफलक मात्र मराठी ठेवला.

ह्यांच्या डाव्या हातात फोन दिला. म्हटलं, पाणी लिहा. बराच वेळ बघत बसले, परक्या गावच्या पाटीकडे बघावं तसं. मग एक क दाबला. परत क. ओळभर क झाले. माझ्याकडे बघितलं, बरोबर आहे का म्हणून.

हो म्हटलं. पाणी आणून दिलं.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अक्षरंही गेलीत म्हणजे, होतं असं. चित्रांवरच राहा.

१२ डिसें., शुक्र
ग्रुप आवरले. गोठ्याचे चार, दहावीच्या बॅचचा, भावकीचा, सोसायटीचा. दिवसभर टणटण वाजतं आणि हे दचकतात. सगळे मुके केले आणि वरच्या यादीतून काढून आत टाकले. दूधवाल्यांचा मोठा ग्रुप टाकायला गेले तर माझं मनगटच धरलं. डाव्या हातात अजून जोर आहे. "चला, चला, चला."

परत वर आणला. दिवसभर त्यात लोकांच्या कालवडींचे फोटो बघत होते.

१४ डिसें., रवि
सोनल आली. स्टिकर ती करणार. फोटो काढायचा, मागचं सगळं कापायचं, राहिलेल्या वस्तूचं चित्र होतं. ह्यांनी दाखवायचं आणि तिनं फोटो काढायचा असं ठरलं. काठी टेकत घरभर फिरलो तिघं. चहाचा कप. तांब्या. औषधाचा डबा. संडासची खुर्ची. पंखा. खिडकी. टीव्ही. मग गोठ्यात नेलं आम्हाला, आमच्या कपिला गाईचा फोटो काढायला लावला.

दुखतंय ह्यासाठी काय करायचं? सोनल म्हणाली, "अण्णा, डोक्याला हात लावा आणि तोंड वाकडं करा."

"ते हायच वाकडं," मी बोलून गेले. बोलल्यावर जीभ चावली. पण हे हसले. अर्ध्या तोंडानं का होईना, झटक्यानंतर पहिल्यांदा.

ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई, तू किती वाळलीस." म्हटलं, पोळ्या जळतील, बाजूला हो.

ती जायच्या आधी माझा फोन वाजला. ह्यांच्याकडून. चहाचा कप. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत. सोनलला रडू आलं. मी आधण ठेवलं.

१७ डिसें., बुध
चहा सोळा वेळा. खिडकी नऊ. कपिला पाच, म्हणजे तिला काय झालंय बघून ये.

ह्यांच्या मेसेजला वेगळा आवाज लावून घेतला, बारकी घंटी. बाकी काही वाजलं तर उठायचं नाही, घंटी वाजली तर उठायचं. आता न्हाणीत असले तरी घंटी ऐकू येते. न वाजताही येते. पहिलं ते काहीच सांगू शकत नव्हते ह्याचा त्रास होता. आता सांगू शकतात.

असं लिहू नये. पण खरं आहे.

१९ डिसें., शुक्र
सोनल फोनवर म्हणाली, तीन नावं सगळ्यात वर टाचून ठेवता येतात. म्हणजे अण्णांना शोधावं लागणार नाही. एक मी, एक ती. तिसरं कोण? ह्यांना विचारलं.

उठले. काठी घेऊन भिंतीपाशी गेले. सोनलच्या लग्नातला फोटो आहे, त्यातल्या फेटेवाल्यावर बोट ठेवलं. संजय भावजी. ह्यांचे धाकटे भाऊ, भिगवणला असतात, हायवेला मासळीचं हॉटेल आहे.

मी म्हटलं, "सोनलचे मामा?"

"चला." मान हलवली. बोट तिथंच.

"जावई?"

काचेवर नख वाजवलं. टक टक टक. मला कळलं होतं. म्हटलं, दूध उतू जाईल, आले. आणि आत गेले. दूध चुलीवर नव्हतंच.

२० डिसें., शनि
लिहूनच ठेवते.

चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. दोन वर्षं अंथरुणावर होत्या, सगळं मी केलं. भावजी महिन्यातून एकदा यायचे, तास-दोन तास बसायचे, जायचे. दहाव्याला घाटावर चार माणसांत म्हणाले, "आई उपासमारीनं गेली. वैनीनं येळंला दिलं न्हाय." त्यांना शेवटी गिळताच येत नव्हतं. चमच्यानं पेज भरवायला मला तास लागायचा. हे तिथं उभे होते. काही बोलले नाहीत. ज्या माणसाचं तोंड कधी बंद नसायचं, ते तेवढ्या वेळेला बंद राहिलं.

त्यानंतर आठ दिवसांनी भावजींचे फोन सुरू झाले. रोज जेवायच्या वेळेला. हे अंघोळीला गेले होते तेव्हा मी भावजींना ब्लॉक केलं. ॲपमध्येही आणि साध्या फोनलाही. दोन-चार दिवस शांतता हवी होती, तेवढंच मनात होतं. मग दोन-चार दिवसांचा महिना झाला. हे एकदा म्हणाले, "संज्याचा फोन न्हाय बरं." मी पोळी वाढली. मग म्हणाले, "त्याला गरज न्हाय तर मला बी न्हाय." त्या दिवशी सांगता आलं असतं. त्यानंतर दरवेळी आणखी अवघड होत गेलं.

दवाखान्यात भावजी आले होते, चौथ्या दिवशी. दारातच म्हणाले, "दादा कसा हाय?" मी म्हटलं, झोपलेत. जागे होते. ते जिन्यानं उतरून गेले.

नवीन फोनवरही ती यादी तशीच आलीय. आज उघडून बघितली. एकच नाव.

२२ डिसें., सोम
बारामती. बाई खूश. "काकूंनी छान केलंय," असं दुसऱ्या पेशंटच्या बायकोला सांगत होत्या. तिला माझा फोन दाखवला, स्टिकर दाखवले. मी कसे करायचे ते सांगत होते आणि डोकं दुसरीकडेच.

घरी येऊन सोनलला विचारलं, "कुणाला ब्लॉक केलं आणि मग काढलं, तर मधले मेसेज येतात का गं?"

"नाही. ते गेलेच. का?"

"सहज. शेजारची विचारत होती."

चार वर्षांचे गेलेच. काय लिहिलं असेल? शिव्याही असतील. माफीही असेल. काय होतं ते आता कुणालाच दाखवता येणार नाही.

हे रोज एकदा भिंतीपाशी जातात. टक टक टक.

२५ डिसें., गुरु
सांगितलं.

स. अंगणात उन्हाला बसवलं होतं. उसाच्या गाड्या चालल्या होत्या रस्त्यानं, त्या जाईपर्यंत थांबले. मग म्हटलं, "भावजींचे फोन येत होते. मी बंद केले. तुम्हाला न सांगता. दवाखान्यात आले होते, तेव्हाही मीच परत लावलं."

ऐकू सगळं येतं, कळतंही. डोळे माझ्यावर होते. मी आणखी सांगत सुटले, घाटावरचं, पेजेचं, तुम्ही बोलला नाहीत ते. भांडले म्हणायचं तर एकटीच भांडले. त्यांना उत्तर देता येत नाही ह्याचा मला तेवढ्या वेळ फायदा होता, आणि तो मी घेतला.

त्यांनी फोन उचलला. माझ्या कमरेला घंटी वाजली. समोरच बसलेली मी. बघितलं तर त्यांचंच चित्र, डोक्याला हात, वाकडं तोंड. दुखतंय.

सवयीनं विचारलं, "कुठं? डोकं? खांदा?"

तोंड फिरवून उसाकडे बघत बसले.

२६ डिसें., शुक्र
एकही घंटी नाही. पाणी स्वतः ओतून घ्यायला गेले, सांडलं. मी पुसलं.

२७ डिसें., शनि
नाही. चहा वेळेवर नेऊन ठेवते, तो घेतात. सोनलचा फोन, "अण्णा मला पण काही पाठवत नाहीत, चार्जिंग नाही का?" म्हटलं, आहे. चांगलं भरलंय.

दोन दिवस पाय जरा टेकले मला. घंटी नाही म्हणून काम कमी. तरी दर पाच मिनिटांनी फोन काढून बघते.

२८ डिसें., रवि
आज मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांच्या हातातच फोन ठेवला. सेटिंग उघडलं, ती यादी उघडली. म्हटलं, "हे नाव. ह्याच्यावर दाबा." दाबलं. काढू का, फोननं विचारलं. मी बोट लावलं नाही. त्यांनीच हो दाबलं. साध्या फोनचंही काढलं. मग तिसरं नाव वर टाचलं.

भावजींचा फोटो दिसायला लागला. डोकं सगळं पांढरं. हे तो मोठा करून बघत होते. मग स्टिकरांत गेले, खालीवर, खालीवर. कितीतरी वेळ. सोळा चित्रं आम्ही केली, त्यात माणसाला चार वर्षांनी काय म्हणायचं ह्याचं एकही नव्हतं.

शेवटी चहाचा कप पाठवला.

दोन खुणा लागल्या. पोचलं.

३१ डिसें., बुध
खुणा परवाच निळ्या झाल्या. वाचलं म्हणजे. उत्तर नाही. हे फोन मांडीवर घेऊन बसलेत. जेवताना ताटाशेजारी. कालपासून मला घंटी यायला लागलीय, पण कामापुरतीच. तांब्या, औषध, खुर्ची. चहा नाही मागत. मी देते तो पितात.

सोनलला आज सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला वाटायचं काकाच तसे आहेत. माझ्या बाळंतपणाला पण आले नाहीत म्हणून मी त्यांना इतकं बोललेय मनात." एवढंच म्हणाली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२ जानेवारी, शुक्र
स. दहाच्या सुमारास आला. बोललेला मेसेज. मी गोठ्यात होते, ह्यांचं "चला, चला" ऐकून धावत आले, पडले की काय म्हणून. नव्हते पडले. बोटानं दाखवत होते, वाजत कसं नाही ते. त्रिकोणावर दाबायचं असं सांगितलं. दाबलं, भावजींचा आवाज आला, "दादा..." आणि त्यांनी पटकन फोन कानाला लावला. कानाला लावला की आवाज आतच येतो, बाहेर ऐकू येत नाही. ते त्यांना आठवत होतं.

मी तिथंच उभी. लांब मेसेज होता, तीन मिनिटांच्या वर. तीनदा ऐकला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण झटक्यानंतर तसंही येतं, बाई म्हणाल्यात. त्यावरून काही ठरवता येत नाही. चेहरा अर्धाच हलतो, त्यावरूनही नाही.

"काय म्हणतात भावजी?" विचारलं. फोन उशीखाली ठेवला.

३ जाने., शनि
फोन चार्जिंगला माझ्याकडेच असतो. ओट्याजवळच्या पिनेला. हे दु. तासभर झोपतात. आज त्या तासात फोन माझ्यासमोर होता. दाबलं की ऐकू येईल. माझ्याबद्दल असणारच त्यात. पेजेबद्दल. वाईट असेल तर निदान कळेल. चांगलं असेल तर मला तेही हवंच होतं.

चपातीचं पीठ मळत होते, दोन्ही हात भरलेले. ते एक बरं झालं. पीठ मळून झालं तरी हात धुतले नाहीत.

५ जाने., सोम
बारामतीला जायच्या आधी सोनलला फोन केला. "मेसेजच्या ॲपला कुलूप लावता येतं ना? बोटाचं?"

"येतं की. पण कशाला? तुला उघडायला लागतं ना त्यांचं काही काही."

"म्हणूनच."

तिला कळलं असावं. एकेक पायरी सांगितली, घाई न करता. ह्यांना खाटेवर बसवलं. म्हटलं, "अंगठा ठेवा इथं. उचला. परत ठेवा. तुमच्याशिवाय कुणाला उघडणार नाही आता, मला पण नाही." डावा अंगठा, कडा जरा फाटलेल्या. पाच-सहा वेळा ठेवायला लागला. पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होते. मी पडद्याकडे बघत होते.

झाल्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. उघडत नाही.

रिक्षा आली म्हणून उठलो. बारामतीला बाकावर नंबरची वाट बघत होतो तेव्हा त्यांनी फोन उघडला आणि कुणाला तरी एकामागून एक काहीतरी पाठवत राहिले. मला घंटी आली नाही.