शिखराची बरोबर उंची

पाचोरा, रविवार

शेजारचे नाना स्वित्झर्लंडहून फिरून आलेत, म्हणून संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही फोटो बघत बसलो. एका शिखराची उंची त्यांनी चुकीची सांगितली. मी दुरुस्त केली. नकाशे वाचून स्वतःच शिकलोय, चूक खपत नाही. नाना हसले, "भाऊ, तू गयथा का तठे?"

मी तिथे कधी गेलेलोच नाही.

माझ्या बायकोला, सुशीलाला, तिथे जाऊन फक्त बर्फाला हात लावायचा होता. सहलीच्या पत्रकात दोन गावांचा क्रम चुकलेला, म्हणून म्हटलं, या सहलवाल्यांबरोबर नको, मीच नीट आखतो. सहा वर्षं आखत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात ती वारली.

घरी येऊन उंची पुन्हा तपासली. माझीच बरोबर. आता या बरोबर उंचीचं काय करू?

मग तिची पेटी उघडली. त्या थंडीसाठी दोन स्वेटर विणायला घेतले होते तिने. एकच पुरा झालाय. माझ्या मापाचा.