चुन्याचा जोड

प्रिय चिमणे,

परवा तुझा फोन आला. तुझी किडनी मला जुळते म्हणून तू हसत होतीस आणि मी नुसतं ‘वा’ म्हणून फोन तुझ्या आईकडे दिला. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याचा गळा दाटला. गळाबिळा काही नाही, मी घाबरलो होतो.

बाबांना हल्ली मेलेल्यांच्यात जास्त करमतं, असं तू चिडवतेस. करमतं खरं. डायलिसिस नसेल त्या सकाळी मी जुन्या दफनभूमीत जातो. आमचा गट हौशी लोकांचा: एक निवृत्त नर्सबाई, दोन कारकून आणि लोकांना गाडी शिकवण्यात जन्म घालवलेला मी. बादलीभर पाणी आणि मऊ ब्रश घेऊन थडग्यांवरचं शेवाळ काढायचं. पूर्वी वेळ कसा जायचा कळत नसे. आता अक्षरं उजळली की आधी वय वाचतो. ते माझ्याहून कमी निघालं की धास्तावतो, जास्त निघालं तरी धास्तावतोच. एकदा नेमकं माझंच वय निघालं, तर दगडाकडे पाठ करून बसलो. ऊन लागलं म्हणून सांगितलं नर्सबाईंना. आभाळ भरलेलं होतं.

काल मला तडा गेलेली एक शिळा दिली. कधीतरी कुणीतरी मायेने त्या फटीत सिमेंट भरलं होतं. सिमेंट जसंच्या तसं, आणि शेजारच्या दगडाच्या मात्र खपल्या निघालेल्या. मी म्हटलं, हे काढू आणि याहून पक्कं भरू. नर्सबाईंनी चुन्याचं घमेलं पुढे सरकवलं.

“जोड दगडाहून कच्चाच ठेवायचा,” त्या म्हणाल्या. “तुटायचं झालं तर जोड तुटू दे. तो परत भरता येतो. दगड कुठून आणणार?”

चुना भरता भरता मी थापी खाली ठेवली. तूच दिसायला लागलीस, कुशीला टाके घातलेली, आणि घरी तुझं दीड वर्षाचं पिल्लू. डॉक्टर म्हणतात, देणाऱ्याला धोका अगदी थोडा. थोडा म्हणजे किती, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तुझ्या आईला मी धीराचा वाटतो. मी नाही गं धीराचा. मला मरणाची भयंकर भीती वाटते. इतकी, की तू समोर बसून हात धरलास तर मी हो म्हणेन, आणि आनंदाने म्हणेन. मला अजून जगायचंय. त्या माझ्या होकाराचीच मला सगळ्यांत जास्त भीती आहे. म्हणून आज दवाखान्यात जाऊन ‘नको’ असं लिहून दिलं आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. इकडे यायचं तुझं तिकीट रद्द कर. आणि चिमणे, उद्या-परवा मीच फोन करून ये म्हणालो, रडलो, गयावया केली, तरी माझं ऐकू नकोस.

तुझाच,
भित्रा बाबा