मध्यंतरानंतरचा सिनेमा

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्या माणसाची आवडनिवड कुठेतरी नोंदलेली असावी. उद्या कोणी विचारलं तर? कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी. लोकांना संकोच वाटत असणार.

दुपारी दोनला नेहमीप्रमाणे घरी सिनेमा. दर रविवारी मी निवडायचा आणि हिने माझ्याबरोबर बसून बघायचा, हा बावीस वर्षांचा आमचा नियम. आज कोर्टातल्या खटल्याचा जुना सिनेमा लावला. काय सिनेमा आहे! मध्यंतरापर्यंत डोळ्याचं पातं लवत नाही. पुढचा भाग मी डोळे मिटून फक्त ऐकतो. जाणकार असंच बघतात.

डोळे उघडले तेव्हा शेवटच्या नावांच्या पाट्या पडत होत्या. अंगावर चादर होती. मीच ओढून घेत असणार.

हिला विचारलं, कसा वाटला? म्हणाली, बरा होता. बावीस वर्षांत हिची मजल 'बरा होता'च्या पुढे गेलेली नाही. असो. प्रत्येकाला समज देऊन देव थकला असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याच्या नोकरीत एक मोठी सोय आहे. गिऱ्हाईक मशीनवर हनुवटी टेकवून बसलं की त्याला हलता येत नाही आणि बोलताही येत नाही. तेवढ्या वेळात एक अख्खा सिनेमा सुचवून होतो. आज सहा जणांना सहा सिनेमे दिले. एक म्हातारे गृहस्थ मध्येच उठायला बघत होते. त्यांना म्हटलं, हलाल तर नंबर चुकेल.

संकल्प : दुकानात फळा लावणे. वर लिहायचं, 'आजचा सिनेमा'. मालकांना विचारलं. ते फोनवर होते, हात हलवला. म्हणजे होच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फळा लागला. अक्षर सुरेख आलं आहे.

दुपारी एक बाई तक्रार घेऊन आल्या. मला वाटलं काचेची. तर म्हणे तुम्ही त्या दोन भावांच्या सिनेमात शेवटी दोघं गळाभेट घेतात म्हणालात, आणि थोरला तर मध्यंतरानंतर दहा मिनिटांत मरतो. मी समजावलं, तुमच्याकडे कापलेली प्रत आली असणार, हल्ली फार होतं असं. त्या चष्म्याचा स्क्रू आवळून घेऊन गेल्या. काउंटरच्या बाई खाली वाकून काहीतरी शोधत होत्या. खांदे हलत होते. बिचारीला सर्दी झाली असावी.

या महिन्यातली ही चौथी कापलेली प्रत. कुणीतरी वरपर्यंत लिहायला हवं.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोठी बातमी. दुकानाला पंचवीस वर्षं होताहेत. पुढच्या शनिवारी संध्याकाळी वरच्या हॉलमध्ये जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून सिनेमा दाखवायचा, असं मालकांनी ठरवलं. काउंटरच्या बाई म्हणाल्या, हल्ली चाललेला एखादा हसवणारा लावू या. मी म्हटलं, शोभेल का आपल्याला? दीपगृहवालाच लावायचा.

दीपगृहवाला म्हणजे माझा सर्वांत आवडता. एकट्या बेटावर दिवा सांभाळणारा माणूस आणि त्याची बायको. तो दिवसभर बोलतो, ती पडदे शिवते. मी तेवीस वेळा पाहिला आहे.

मालकांनी विचारलं की रडका नाही ना? मास्तर येणार आहेत. आमचे मास्तर दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. मागच्या वर्षी त्यांची बायको गेली, तेव्हापासून घराबाहेर पडत नव्हते. मालक म्हणाले, त्यांना जरा बरं वाटेल असंच काहीतरी हवं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, शेवटी नवराबायको एकाच होडीतून हसत निघून जातात. पोस्टरवरच आहे. मास्तर खूश होऊन घरी जातील, ही माझी जबाबदारी.

मी स्वतः मास्तरांना फोन केला. आधी नको म्हणाले. मग म्हणाले, तुम्ही एवढं सांगताय तर येतो.

९ फेब्रुवारी, रविवार

सरावासाठी दीपगृहवाला पुन्हा पाहिला. चोविसाव्यांदा. अप्रतिम शेवट. चादर होतीच.

ही म्हणाली, शनिवारसाठी हा नकोच, मास्तरांना तर नकोच. कारण विचारलं तर म्हणाली, तुम्ही एकदा नीट बघा. मला! नीट बघा! मी उठून गॅलरीत गेलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

वीज गेल्यामुळे दुकान लवकर बंद झालं. काउंटरच्या बाईंची बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा असते. आमच्या हिचा बुधवारी शिवणाचा क्लास असतो. थिएटरवरून येत होतो, तर दोघी हातात हात घालून बाहेर येताना दिसल्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. सिनेमा कुठला, तर नवरी लग्नाच्या आदल्या दिवशी पळून जाते तो. जो मी फळ्यावर 'बघू नये' या सदरात लिहिला होता, तोच.

मी फळवाल्याच्या गाडीआड उभा राहिलो. फळवाल्याने दोनदा विचारलं, काय देऊ?

दोन वर्षं क्लास चालू आहे आणि घरात एक उशीचा अभ्रासुद्धा शिवून आलेला नाही, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. दगा! शुद्ध दगा! माझ्या एकाही सिनेमाला ही अशी हसली नाही.

संकल्प : शनिवारपर्यंत हिच्याशी अबोला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अबोल्याचा तिसरा दिवस. हिच्या अजून लक्षात आलेलं नाही. उद्या भाषण करायचं आहे, म्हणून रात्री अबोला तात्पुरता उठवला आणि कुठला शर्ट घालू ते विचारलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार, रात्री साडेनऊ

न भूतो न भविष्यति! हॉल भरला होता. मी पंचवीस मिनिटं बोललो. मालकांनी चार वेळा घड्याळ दाखवलं, त्यांनाही वेळेचं भान राहिलं नसावं. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. त्यांना मुद्दाम सांगितलं, शेवटची होडी चुकवू नका.

नेहमीप्रमाणे उत्तरार्ध ऐकला. डोळे उघडले तर हॉलमध्ये दिवे लागलेले आणि कोणी बोलत नव्हतं. यालाच म्हणतात परिणाम. अंगावर हिची शाल कशी आली कोण जाणे. मास्तर खुर्चीची पाठ धरून उभे होते. मी विचारलं, काय मास्तर, होडी? ते जिना उतरून गेले. भारावले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मालकांनी आत बोलावलं. विचारलं, होडीत दोघं कुठे होती? मी म्हटलं, पोस्टरवर. ते म्हणाले, मी सिनेमातलं विचारतोय.

मास्तरांनी निरोप पाठवला आहे, चष्मा दुसरीकडून करून घेतो. पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. फळा काढून टाकलाय. उद्यापासून मी डोळे तपासायचे नाहीत, मागच्या खोलीत काचा घासायच्या. तिथे मशीनचा आवाज एवढा असतो की स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. मालक म्हणाले, म्हणूनच.

घरी येऊन हिच्यावर सगळं काढलं. म्हटलं, माझ्यापासून लपून थिएटरला जातेस, मला तोंडघशी पाडतेस, हा विश्वासघात आहे. ही भाजी चिरत होती. चिरतच राहिली. मग शांतपणे म्हणाली की अहो, मध्यंतरानंतर तुम्ही झोपता. दर रविवारी. घोरताही. पहिल्या वर्षी उठवून पाहिलं, तर चिडलात, म्हणून सोडून दिलं. बावीस वर्षं प्रत्येक सिनेमाचा शेवट मी एकटीने बघितलाय. हसू आलं तरी कोणाला सांगणार? बुधवारी शेजारी कोणीतरी जागं असतं, एवढंच.

मी विचारलं, मग दीपगृहवाल्याचा शेवट काय? म्हणाली, ती एकटीच होडीतून जाते. तो पाठमोरा दिवा पुसत असतो. तिला काय काय सांगत असतो. ती केव्हाच गेलेली असते, तरी बोलतच असतो.

झोप येत नाही. बावीस वर्षं हिला माहीत होतं आणि एक शब्द बोलली नाही. ही फसवणूक नाही तर काय?

२० फेब्रुवारी, गुरुवार

काचा घासल्या. विचार केला. मन मोठं करून हिला क्षमा करायचं ठरवलं.

संकल्प : रविवारी दीपगृहवाला हिच्या शेजारी बसून जागेपणी शेवटपर्यंत बघणे. मग मास्तरांच्या घरी जाऊन माफी मागणे. जेवण कमी. कॉफी दोन कप. पाठीला उशी नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी पावणेदोन

सगळी तयारी झाली. डोळ्यांवर दोनदा पाणी मारलं. लाकडी खुर्ची घेतली आहे. हिला हाक मारली तर ही चप्पल घालत होती. काउंटरच्या बाई खाली वाट बघताहेत म्हणाली. मी म्हटलं, आज रविवार आहे. म्हणाली, हो, आता रविवारीही जाणार आहोत. तुम्ही बघा निवांत, माझा पाहून झालाय.

बघतोच. एकट्याने बघतो. आल्यावर हिला शेवट मीच सांगेन.

त्याच दिवशी, पावणेपाच

पाट्या पडत होत्या. मान आखडली आहे.

अंगावर चादर नव्हती.