धुराड्याभोवतीचा पत्रा

गिरगाव, एप्रिल १८९७

प्रिय फेलिक्स,

अक्षर वेडंवाकडं आलंय, रागावू नकोस. मांडीवर कागद ठेवून, बाबांच्या माप घ्यायच्या पेन्सिलीनं लिहितोय. नागपूरच्या कचेरीत तुझं अक्षर मोत्यासारखं झालं असेल. पण शिडी धरतानाही डोळे मिटून घेणारा तूच होतास, हे मी विसरलेलो नाही.

गाठीच्या तापानं निम्मी वाडी रिकामी झाली. खालची बेकरीही बंद आहे. सोमवारी आपल्या आईच्या काखेत गाठ आली. कुणाला न सांगता ती माळ्यावर चढली, शिडी वर ओढून घेतली आणि झडप आतून लावली. मी झडप फोडायला निघालो, तर तिनं माझ्या तान्ह्या एडनाची शपथ घातली. घरात सहा महिन्यांचं लेकरू, त्यात प्लेगच्या इस्पितळाचे गाडीवाले आईला उचलून नेतील ही धास्ती वेगळीच. मी खाली उभा राहून रडलो, दुसरं काही सुचलं नाही.

मग बेकरीचं धुराडं आठवलं. ते आपल्या माळ्यातूनच छपराबाहेर जातं, आणि त्याच्याभोवती बाबांनी बसवलेला शिशाचा पत्रा फाटून वीतभर फट पडली होती. शेजाऱ्यांना सांगितलं, पावसाआधी पत्रा बदलतो. आधी खालच्या अंगाचा, मग दोन्ही बाजूंचे, आणि शेवटी वरचा, तो कौलांखाली सारायचा. अर्ध्या दिवसाचं काम, मी चार दिवस लावले. वरची बाजू मुद्दाम उघडी ठेवली. तिथून दोरीनं पेजेचा गडू सोडायचो, हातोडा उगाच ठोकत तिच्याशी बोलायचो. परवा म्हणाली, फेलिक्स जेवतो का रे वेळेवर? स्वतःला घोट गिळवत नव्हता आणि चौकशी तुझ्या जेवणाची.

आज सकाळी मात्र हट्टालाच पेटली. कास्मीर, बंद कर रे ते आता, तुझ्या बापाचं काम गळलं असं लोकांनी म्हणायला नको. गडू भरलेलाच परत आला. तेव्हा कळलं, आपण जाताना मी बघावं, हे तिला नको होतं. आईपुढे माझं कधी काय चाललंय? शेवटचा पत्रा सारला, कड विटांच्या सांध्यात खोचली, चुना भरला.

आठवतं ना, पत्रा बसला की बाबा वरून कळशीभर पाणी ओतायचे आणि आई आतून धुराड्यावर उलथनं वाजवायची? एकदा वाजलं तर गळतंय, दोनदा वाजलं तर कोरडं. दोनदा ऐकल्याशिवाय बाबा उतरत नसत. तू खोडी काढून एकदाच वाजवलंस, तेव्हा भर उन्हात त्यांनी सगळा पत्रा पुन्हा उचकटला होता. आई हसून हसून बेजार झाली होती.

चुना धरल्यावर मी कळशी ओतली. उलथनं तिच्या उशाशीच होतं, फटीतून पाहिलं होतं मी. वाजलं नाही. दुसरी कळशी ओतली, तिसरी ओतली. आता ऊन कलायला लागलंय. झडप फोडायला हात धजत नाही, म्हणून छपरावरच बसून तुला लिहितोय. तू असतास तर डोळे मिटून का होईना, शिडी धरली असतीस. एकदाच वाजलं असतं तरी चाललं असतं रे. मी सगळा पत्रा पुन्हा उचकटला असता.

तुझाच,
कास्मीर