नकाशातली बंद केलेली नावं

छत्रपती संभाजीनगर
२० ऑगस्ट २०२५

प्रिय प्रणय आणि नंदिनी,
सप्रेम जय भीम.

आईचा गुडघा बरा आहे. परवा क्रांती चौकापर्यंत चालत गेली आणि येताना रिक्षावाल्याशी भांडून आली, म्हणजे अगदीच बरी आहे. हे पत्र घेऊन येणाऱ्या कडुबामामांच्या पिशवीत तिने शेंगदाण्याची चटणी दिलीय. नंदिनी, सातव्या महिन्यात विहिरीवरून पाणी आणू नकोस.

पाण्यावरूनच सांगायचं होतं. देवगाव रंगारीच्या नळयोजनेचा नकाशा आमच्या ऑफिसात मीच केला. शेतातली घरं अशा नकाशात सुटतात. तुमचं सुटू नये म्हणून तुमच्या खोलीवर मी स्वतः ठिपका टाकला. नळ तुमच्याच नावावर यावा म्हणून नावंही खरी लिहिली, दोघांची.

अशा फाईलमध्ये थर असतात, एकावर एक काचा ठेवल्यासारखे. फाईल गावाला पाठवताना नावांचा थर मी बंद केला. काढून टाकला नाही, नुसता बंद केला. घाई होती असं लिहिणार होते, पण घाई नव्हती. अक्कल गहाण ठेवली होती.

ती फाईल गावाच्या ग्रुपवरून फिरत काकासाहेबांकडे पोचली. नंदिनी, तुझे काका आज माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मी प्रणयची बहीण हे त्यांना ठाऊक नसावं, असं मी अजून स्वतःला सांगते आहे. चहा घेतला, आवाज चढवला नाही. मोबाईल पुढे करून म्हणाले, “नावं दिसत नाय यात. पण आत असतील ना, ताई?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“ऱ्हाऊ द्या,” ते उठताना म्हणाले. “आमच्यात हाय एक जाणकार. तो काढील.”

त्याला वेळ लागणार नाही. थर चालू केला की नावं दिसतील, ठिपक्याचे अक्षांश-रेखांश मोबाईलमध्ये टाकले की रस्ता थेट तुमच्या दारापर्यंत. लग्नानंतर लासूर स्टेशनवर त्यांनी तुला गाठलं होतं, प्रणय, तेव्हाचे टाके मी पाहिलेत. मला फार भीती वाटते.

फोन बंद ठेवायला मीच सांगितलं होतं, म्हणून हे कागदावर. मी पोलिसांकडे जातेच आहे, पण तोवर तिथं थांबू नका. वाचलं की मामांच्या जीपमधून निघा, भांडी राहू द्या. मामा कन्नडच्या स्टँडवर सोडतील. पुढे कुठे जाताय ते त्यांना सांगू नका, आईला नको आणि मलाही नको. बाळ झालं तरी कळवू नका. ठिकाण कळलं की ते टिपून ठेवायची मला सवय आहे.

तुमचं घर नकाशावर टाकणारी,
करुणाताई