दहावा टोल

दादा,

तीन दिवस हेच पत्र लिहितेय आणि फाडतेय.

आपला हेवीवेट चॅम्पियन गेला. जिममध्ये सगळे त्याच्या फोटोसमोर उभे राहिले. बॉक्सरला निरोप म्हणून घंटेचे दहा टोल देतात ना, ते द्यायला कोचनी मलाच सांगितलं. नऊ दिले आणि हात अडला. लोकांना वाटलं, तो पडला की नेहमी नवाच्या आकड्याला उठायचा म्हणून मी थांबले. सगळे रडायलाच लागले.

जिममधल्या तुझ्या शेवटच्या लढतीत रेफ्री मीच होते; तू पडलास तेव्हा आकडे मीच मोजत होते. आठला तू गुडघ्यावर आलास. तुझ्या डोळ्यातलं रक्त मला बघवेना. नऊ-दहा मी एका दमात म्हणून टाकले आणि तुला बाद ठरवलं.

आजही तू सांगत फिरतोस, "ऐन वेळी मी कच खाल्ली."

तू उठत होतास रे. कच मी खाल्ली.

तुझी धाकटी